जुन्या एमजीबीचा वॉटर पंप बदलतोय, सल्ला हवा (आणि थोडी भडास)

तारेचं_चाक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. आज गळ्याशी आलंय म्हणून पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गाडी: एमजीबी, टू-सीटर, १९६६ची. मामांची. मामा गेल्यावर मामी म्हणाल्या, "तूच ने बाबा, तो भंगारवाला दर आठवड्याला जिना चढून येतो." तेव्हापासून एरंडवण्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली असते. महिन्यातून दोनदा बाहेर निघते.

मागच्या रविवारी सकाळी सासवडला निघालो होतो. हडपसरची गर्दी पार केली तोवर सगळं ठीक. दिवे घाट चढायला लागल्यावर तापमानाचा काटा एन (नॉर्मल) सोडून पुढे सरकला, माथ्यावर एचला (हॉट) टेकला. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. वाफ नव्हती. पण पंख्यामागून टप टप टप चाललेलं, आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला हिरव्या शिंतोड्यांची अर्धगोल रांगोळी. गार झाल्यावर पंख्याचं पातं धरून हलवलं तर खडखड वाजलं. पालखीच्या वाटेवर उभा होतो, म्हटलं विठ्ठला, तूच बघ आता.

ओळखीच्या एका गॅरेजवाल्याने फोनवरच निदान केलं: "थर्मोस्टॅट काढून टाका साहेब, आपल्याकडे लागतच नाही." गळतंय पंख्यापाशी आणि हा काढायला सांगतोय थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप!

प्रश्न तीन. पंपच गेलाय ना? नवा कुठून आणू? आणि घरी जमेल का? हत्यारं आहेत, धीर कमी आहे.

भिकारदास

एमजी म्हणजे ती हेक्टरवालीच ना? वॉरंटीत असेल की.
(पळतो.)

तारेचं_चाक

नाव तेच, घराणं वेगळं. ही इंग्लंडात ॲबिंग्डनला व्हायची, १९६२ ते १९८०. पाच लाखांहून जास्त झाल्या, म्हणून तर पार्ट अजून बनतात. दुर्मिळ गाडी असती तर मी केव्हाच तुळस लावली असती तिच्यात.

मृण्मयी_के

फाउंड्रीत नोकरी करते, पंपांशी रोजचा संबंध आहे म्हणून लिहिते.

पंपाच्या दांड्यावर टोकाला पुली आणि पंखा, मग बेरिंग, मागे पाण्यात फिरणारा इंपेलर, आणि बेरिंग-इंपेलरच्या मध्ये सील. सील आणि बेरिंगच्या मधल्या जागेला खालून एक छोटं भोक ठेवलेलं असतं. सील झिजलं की पाणी बेरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून बाहेर पडावं, यासाठी. म्हणजे ते गळणं हा पंपाने दिलेला निरोप असतो. काही लोक ते भोक एम-सीलने बुजवतात. मग पाणी बेरिंगमध्ये जातं, ग्रीस धुतलं जातं, बेरिंग जाम होतं आणि कधीतरी पंखा सुटून रेडिएटरमध्ये घुसतो.

तुमच्याकडे गळणंही आहे आणि खडखडही आहे. पंप गेला. थर्मोस्टॅटचा यात काही हात नाही.

अटकमटक

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. फोटो टाका हो.

सातारी_तिखट

आमच्या आण्णांची अँबॅसेडर होती, टॅक्सी, सातारा स्टँडला. तिचं १४८९ सीसीचं इंजिन आणि तुमचं १७९८ सीसीचं, दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सीरिजची. सख्खी नाही पण चुलत भावंडं. उत्तरपाड्याच्या कारखान्यातली ती धाकली अन् ही थोरली म्हणा. त्यामुळे आमच्यासारख्या लोकांनी हे इंजिन अंधारात हातानं चाचपून खोललेलं आहे.

एक सांगा. पट्टा किती ताणलेला होता? मधोमध अंगठ्यानं दाबून बघा. अर्धा इंच दबला पाहिजे. सतारीच्या तारेसारखा वाजत असंल तर बेरिंग त्यानंच खाल्लंय. पट्टा चीं चीं करायला लागला की मिस्त्री तो बदलायच्या ऐवजी डायनामो मागं ओढून ताणतो. आवाज बंद, गिऱ्हाईक खूश, अन् दांडा रोज एका बाजूला ओढला जातो.

तारेचं_चाक

खाली जाऊन बघून आलो. काका, जेमतेम दोन-तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) दबतोय. आणि हो, दिवाळीत चीं चीं करत होता म्हणून "ॲडजस्ट" करून घेतला होता. शंभर रुपये दिले होते वर.

सातारी_तिखट

शंभर रुपयांत पंप मारून दिला. स्वस्तात पडलं.

जुना_बाजार

पार्टबद्दल. नाना पेठेत विचारायला हरकत नाही, पण दुकानदार "अँबॅसेडरचा बसेल" म्हणून हातात ठेवेल. तसाच घेऊन येऊ नका. आपला जुना पंप पिशवीत घालून न्या, दोन्ही काउंटरवर शेजारी उभे करा. बॉडीचा चेहरा, बोल्टची भोकं, इंपेलरची खोली आणि मुख्य म्हणजे पुलीच्या बैठकीची उंची बघा. भोकं जुळली म्हणजे पंप जुळला असं नाही.

एमजीबीतही दोन प्रकार आहेत. आधीच्या गाड्यांना लांब नाकाचा पंप, सत्तरच्या दशकातल्या १८व्ही इंजिनांना आखूड नाकाचा. नाक बदललं की पुली पुढे-मागे होते आणि पट्टा तिरका धावतो. तुमची १९६६ची, म्हणजे लांब नाक. ऑर्डर देताना नुसतं "एमजीबी" लिहू नका, इंजिन नंबरची सुरुवातीची अक्षरं द्या.

आणि हत्यारं. "आहेत" म्हणालात, ती कोणती? तेरा एमएमचा पाना अर्धा इंची बोल्टवर बसतो म्हणून सगळे तोच लावतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ एमएम. तो ०.३ चा सैलपणा नव्या बोल्टवर कळत नाही, साठ वर्षांच्या गंजलेल्या बोल्टवर कोपरे गोल करून ठेवतो. बोहरी आळीत इंची गोट्यांचा (सॉकेटचा) सेट मिळेल. सहा कोनी घ्या, बारा कोनी नको.

कूलकूल_कट्टा

सगळं बरोबर, पण थर्मोस्टॅटबद्दल तो मिस्त्री अगदीच चूक नाही. पुण्यात कुठे बर्फ पडतो? माझ्या जीपमध्ये वीस वर्षं नाही. काही फरक पडला नाही.

मृण्मयी_के

फरक पडतो, कळायला वेळ लागतो. थर्मोस्टॅट बर्फासाठी नसतो, इंजिन लवकर गरम व्हावं यासाठी असतो. तो नसला की इंजिन गार राहतं, तुम्ही चोक जास्त वेळ ओढून ठेवता, जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं. डिसेंबरच्या सकाळी कोथरूडहून डेक्कनपर्यंतच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीला तर तो जास्तच हवा.

राहिला उकळण्याचा प्रश्न. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. गाडीत ते उकळू नये म्हणून रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग दाब धरून ठेवते. तुमच्या काळातल्या एमजीबीला सात पौंड दाबाचं झाकण असतं, त्याने उत्कलनबिंदू ११० च्या घरात जातो. झाकणाचं रबर वाळलं की हे सगळं गेलं. थर्मोस्टॅट फेकण्याआधी लोकांनी झाकण फेकावं.

कूलकूल_कट्टा

ताई, माझी जीप अजून चालते एवढंच म्हणतो.

भिकारदास

चालते की उतारावर सोडतोस?

तारेचं_चाक

थर्मोस्टॅट काढून तपासला. दुधाच्या पातेल्यात पाणी घेतलं, दोऱ्याला बांधून तो मधोमध टांगला (बुडाला टेकवायचा नाही), शेजारी श्रीखंडाच्या चक्क्यासाठी घेतलेला थर्मामीटर. थर्मोस्टॅटवर ८२ कोरलंय. ८० ला एक केसाएवढी फट दिसली, ९०च्या पुढे पूर्ण उघडला. ठणठणीत आहे. पातेलं मात्र घरातून बाद झालं, आईने त्यावर मार्करने "गाडी" असं लिहून बाल्कनीत ठेवलंय.

पंप मागवलाय, लांब नाक असं तीनदा लिहून. शनिवारी खोलतो.

तारेचं_चाक

शनिवारचा वृत्तांत.

आधी बॅटरी सोडवली. सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन आहेत. आणि ही पॉझिटिव्ह अर्थवाली गाडी, म्हणजे बॉडीला धन टोक. परत जोडताना सवयीने उलट जोडू नये म्हणून झाकणावर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत लिहिलं.

रेडिएटरखाली टब ठेवून पाणी सोडलं. ब्लॉकला मागच्या अंगाला वेगळा नळ आहे, तो उघडला तर एक थेंब नाही. नळ काढून सायकलच्या स्पोकने टोचलं. आधी गाळ आला, पेढ्याच्या रंगाचा, मग भस्सकन लाल पाणी माझ्या बाहीत. मामांनी शेवटची काही वर्षं बोअरचं पाणी घातलं असणार. ज्यांना फक्त रेडिएटर रिकामा करून "फ्लश केलं" असं वाटतं त्यांनी तो मागचा नळ जरूर उघडून पाहा.

रेडिएटर त्याच्या पत्र्याच्या चौकटीसकट बाहेर काढला. न काढता जमतं म्हणतात, पण पंख्याच्या बोल्टांशी झटताना पाना सुटला की तो सरळ जाळीत जातो. तासभर जास्त गेला, चालेल. तापमानाच्या काट्याची तांब्याची बारीक नळी हेडमध्ये गेलेली असते तिला हात लावला नाही. ती मुरगळून तुटली की आख्खा मीटर दुरुस्तीला पाठवावा लागतो.

मग पट्टा, पंखा, पुली. डायनामोचा पुढचा बोल्ट पंपाच्याच कानात असतो, तो सोडून डायनामो बाजूला केला. राहिले पंपाचे चार बोल्ट. तीन आले. चौथ्याला दोन दिवस डिझेल पाजलं होतं. गोटी लावली, जोर दिला, तो फिरला. इतका लोण्यासारखा फिरला की मला आनंद झाला. आणि मग गोटी हातात आली, गोटीत बोल्टचं डोकं, बोल्ट ब्लॉकमध्ये.

मी पायरीवर बसलो. वरून जोशीकाकू विचारताहेत, "झाली का दुरुस्त?"

अटकमटक

अरेरे. 😢 काकूंना काय सांगितलंत?

तारेचं_चाक

"होत आली."

सातारी_तिखट

लोण्यासारखा फिरला की समजायचं, बोल्ट पिळला जातोय. कुरकुरत, कर्र करत आला तर तो खरा सुटतोय.

पंप काढल्यावर किती बाहेर राहिलाय?

तारेचं_चाक

पंप हलकेच ठोकून निघाला. करंगळीच्या नखाएवढा बाहेर आहे. इझी-आउट (मोडका बोल्ट काढायचं हत्यार) आणू का?

जुना_बाजार

नको नको नको. तो घरी हातातल्या ड्रिलने करायचा प्रकार नाही. भोक तिरकं गेलं की ब्लॉकचे आटे गेले, आणि इझी-आउट आत मोडला तर तो इतका कडक असतो की ड्रिलही लागत नाही त्याला.

बाहेर तुकडा आहे ना? मग त्यावर एक नट ठेवून आतून वेल्डिंग करून घ्या. दोन फायदे. पकडायला नवं डोकं मिळतं, आणि त्या उष्णतेने गंज सुटतो. लाल असताना फिरवू नका. लाली गेली की लगेच पाना लावा, आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या. पुढे-मागे, पुढे-मागे.

मृण्मयी_के

आणि शेजारी एसयू कार्बोरेटर आहेत दोन, हे विसरू नका. पेट्रोलचा पाइप बंद करा, कार्बोरेटरवर ओलं गोणपाट टाका, कुणीतरी अग्निशामक धरून उभं राहू दे. बॅटरी सुटलेलीच राहू दे.

तारेचं_चाक

भोसरीच्या एका वेल्डरकाकांना गाडी पाठवून घरी आणलं. वय सत्तरीच्या पुढे, चष्म्याला दोरी. त्यांनी बोल्टकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आधी चहा." चहा झाल्यावर पहिला नट वेल्ड केला, तुटला. दुसरा केला, तुटला. तिसरा वेल्ड करून ते खाली बसून तंबाखू मळायला लागले. मी पाना घेऊन घाई करतोय तर म्हणतात, "त्याला जरा श्वास घेऊ दे." चिमूट तोंडात टाकली आणि स्वतःच पाना लावला. कर्र. सातारीकाका, तुमचा तो कर्र! असा आवाज आयुष्यात ऐकला नाही. पाच मिनिटांत बोल्ट बाहेर, आटे शाबूत. नुसता टॅप फिरवून साफ केले.

पैसे विचारले तर म्हणाले, "दोन नट फुकट गेले ते धरू नका."

भिकारदास

या माणसाचा सत्कार बालगंधर्वला ठेवा. मी हार आणतो.

तारेचं_चाक

पार्सल आलं. आखूड नाक.

(तीनदा लिहिलं होतं. तीनदा.)

जुना_बाजार

😂 बसवून तर नाही ना पाहिलात?

तारेचं_चाक

बोल्ट न आवळता नुसता लावून पाहिला, मोह आवरला नाही. क्रँकच्या पुलीवर पट्टी धरली तर वरची पुली सरळ सरळ मागे. परत पाठवलाय, बदली येईपर्यंत थांबायचं. तोवर जुना पंप खोलून बघतोय. इंपेलरची पाती कुरतडलेल्या पापडासारखी झालीत. म्हणजे घाटात गळत होता ते एक, पण बहुतेक तो बरेच दिवस पाणी पुरेसं ढकलतही नव्हता.

मृण्मयी_के

साध्या खाऱ्या पाण्याची कृपा. कूलंट आपल्याकडे पाणी गोठू नये म्हणून लागत नसलं तरी गंज रोखायला लागतंच. नव्यात इथिलीन ग्लायकॉलचं हिरवं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं भरा. सांडलेलं लगेच धुवा. चवीला गोड असतं, सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि त्याने मरतात.

जुनी बॉडी टाकू नका. अशा पंपात दांडा आणि बेरिंग मिळून एकच नग येतो. व्यास आणि लांबी मोजून त्या मापाचा मिळाला, सील मिळालं, की प्रेसवर बसवून घेता येईल. मला मापं पाठवा, आमच्या टूलरूममध्ये दाखवते.

कूलकूल_कट्टा

पॅकिंगला सिलिकॉन भरपूर लावा, गळणार नाही.

सातारी_तिखट

भरपूर लावलेलं आतल्या बाजूनं पण बाहेर येतं. ते सुटून रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतं. जुन्या पॅकिंगचा कण न् कण खरवडून काढा अन् नव्याला दोन्हीकडून बोटानं ग्रीसचा हात फिरवा, बास.

तारेचं_चाक

बदली पंप आला. लांब नाक! पण डब्यात पॅकिंग नाही.

मग आण्णांच्या पद्धतीने केलं, सातारीकाकांनी फोनवर शिकवलं. रविवार पेठेतून पॅकिंगचा कागद आणला, पंपाच्या चेहऱ्यावर ठेवला आणि लहान गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने टिक टिक ठोकत गेलो. लोखंडाची धारच कागद कापते. बोल्टच्या भोकांवर हातोडीचं गोल डोकं ठेवून एक टिचकी, गोल चकती खाली. आधी दोन भोकं पाडून त्यांत बोल्ट घालायचे म्हणजे कागद सरकत नाही. वीस मिनिटं लागली आणि कातरीने कापल्यापेक्षा सुबक झालं. कात्रण आईला दाखवलं, तिला बाल्कनीतल्या पातेल्याची आठवण झाली.

चारही बोल्ट नवे, आट्यांना किंचित ग्रीस, तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळले. मॅन्युअलमध्ये १७ पौंड-फूट म्हणजे साधारण २३ न्यूटन-मीटर आहे. टॉर्क पाना शेजारच्या इमारतीतून उसना. इतकं कमी असतं हे मला माहीत नव्हतं, हाताने मी नक्की दुप्पट आवळलं असतं. पट्टा नवा, अर्धा इंच दाब, मोजून. झाकणही नवं, सात पौंडाचं. हीटर मामांनीच केव्हातरी काढून तोंडं बंद केली आहेत, त्यामुळे हवा काढायचा व्याप कमी. साडेपाच लिटरच्या आसपास बसलं, सावकाश ओतलं, वरचा होस दाबत राहिलो, बुडबुडे थांबेपर्यंत.

बॅटरी. चिकटपट्टी वाचली. धन बॉडीला. स्टार्ट.

दहा मिनिटं उभी चालवली. खालून सुकं.

अटकमटक

🎉🎉 जोशीकाकूंना कळवा!

जुना_बाजार

अभिनंदन. शंभर-दीडशे किलोमीटर झाले की पट्टा परत बघा, नवा पट्टा सैल पडतो. आणि गार झाल्यावर पाण्याची पातळी.

तारेचं_चाक

काल दिवे घाट. मामी सोबत होत्या, खूप वर्षांनी बसल्या या गाडीत. दुपारी बाराला मुद्दाम निघालो, ऊन असावं म्हणून. हडपसरला वीस मिनिटं रखडलो, काटा एनच्या थोडा पुढे गेला. घाटात गाडी हलती झाल्यावर मागे आला आणि माथ्यापर्यंत तिथेच राहिला.

निघताना मामींनी पिशवीत पाण्याच्या चार बाटल्या घेतल्या होत्या. म्हटलं मामी, आता लागणार नाहीत. तर म्हणाल्या, "तुझे मामाही दर वेळी हेच म्हणायचे." माथ्यावर उतरून बॉनेट उघडलं, बोट फिरवलं, कोरडं. मामी बाटली हातात धरून शेजारी उभ्याच.

मृण्मयीताई, जुन्या पंपाची मापं व्यनि (व्यक्तिगत निरोप) केली आहेत. तो झाला की डिकीत ठेवणार.

मृण्मयी_के

मिळाली. दांड्याची लांबी परत मोजा, पुलीच्या बाजूची टोकापर्यंत हवी. इंचात लिहिलंय की सेंटीमीटरमध्ये?

तारेचं_चाक

सुतात. मोजून सांगतो.